बंदी उठवा, मग निघेल

मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की अडत्यांना जेवायला फुरसत नसते. अशा दिवसांत एका जुन्या पेढीच्या अण्णांनी मला, म्हणजे वेबसाइटची कामं करणारीला, भर दुपारी बोलावून घेतलं, म्हणजे प्रकरण भावाचंच असणार हे मी ओळखलं होतं.

पेढीचा मूळ धंदा अडतीचा. ऑनलाइन दुकान सूनबाईंनी काढलेलं: राजापुरी हळकुंड, हळद पावडर, बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही त्यांनी पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय. दुकान चाललं होतं बरं. पण कोल्हापूरच्या एका दुकानदाराने पेढीचं नाव गूगलवर टाकलं आणि त्याला घाऊक भावाच्या पानाची लिंक दिसली. लिंकखाली मजकूर काहीच नाही, पानाची माहिती उपलब्ध नाही एवढंच. त्याने दाबून बघितलं, तर पान सरळ उघडलं. दुसऱ्या मोठ्या खरेदीदारांना लावलेले भाव त्याच्यापुढे. मग त्याने अण्णांना फोनवर जे काही ऐकवलं, ते अण्णांनी मला जसंच्या तसं ऐकवलं.

"ताई, आधीच्या पोरानं छातीठोकपणे सांगितलं होतं, गूगलला हितं बंदी घातलीय म्हणून. मग घुसलं कसं?"

"घुसलंच नाही, अण्णा. बंदी पाळली म्हणूनच हा घोळ झालाय."

त्यांनी सुनेकडे बघितलं. ही बाई शुद्धीवर आहे का, असा तो चेहरा होता.

मी दुकानाच्या पत्त्यापुढे रोबोट्स डॉट टीएक्सटी लिहून ती फाइल त्यांच्याच मोबाइलवर उघडली. 1994 मध्ये मार्टाइन कोस्टर नावाच्या माणसाने ही पद्धत सुचवली: साइटच्या मालकाने एका साध्या फाइलमध्ये लिहायचं की बॉटने, म्हणजे पानं आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने, कुठे जाऊ नये, आणि सभ्य बॉटने ते पाळायचं. 2022 मध्ये ती आरएफसी 9309 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात रीतसर नोंदवली गेली, आणि ही काही प्रवेशाची परवानगी ठरवणारी सोय नव्हे, असं त्यातच स्पष्ट लिहिलंय. अण्णांच्या फाइलमध्ये 'डिसअलाऊ', म्हणजे 'इथे येऊ नका', आणि पुढे घाऊक विभागाचा पत्ता, एवढी एकच ओळ होती. ती जगातला कोणीही वाचू शकतो.

"म्हणजे तिजोरी कुठं आहे ते दारावरच लिहून ठेवलंय की!" अण्णा म्हणाले. मला एवढं नेमकं सुचलं नसतं.

गूगलने ती ओळ इमानदारीत पाळली होती. पान वाचलंच नाही. पण त्या पानाची लिंक एका खरेदीदाराने आपल्या साइटवर डकवली होती. बाहेर लिंक दिसली की गूगल आतला मजकूर न वाचताही नुसता पत्ता यादीत घेऊ शकतं. पान यादीत नको असेल तर पानावरच 'नोइंडेक्स', म्हणजे 'यादीत घेऊ नका', अशी पाटी लिहावी लागते, आणि ती वाचायला बॉटला आत येऊ द्यावं लागतं. बंदी आहे तोवर पाटी दिसत नाही, पाटी दिसत नाही तोवर नाव निघत नाही. हे अनेक वेब डेव्हलपरनाही पटकन पटत नाही, तर अण्णांना कसं पटावं?

"बंदी काढू म्हणताय? आधीच बोंब झालीय!"

"आधी कुलूप लावू, मग बंदी काढू." घाऊक विभागाला लॉगिन लावलं आणि भावपत्रकाची पीडीएफही त्याच्या आत नेली, कारण पानाला लॉगिन आणि फाइल उघडी, असं फार ठिकाणी राहून जातं. लॉगिन नसेल तर सर्व्हर 401, म्हणजे 'आधी ओळख पटवा' असा नकार, देईल अशी व्यवस्था केली. गूगल ते बघून पत्ता आपोआप गाळतं. मग ती ओळ पुसली. गूगल रोबोट्स फाइलची जुनी प्रत साधारण 24 तासांपर्यंत वापरतं, म्हणून सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीतून तात्पुरतं हटवण्याची विनंतीही टाकली. ती सुमारे सहा महिने टिकते. कायमचं काम 401 करणार.

खरं तर मी तेवढ्यावर उठणार होते. पण सूनबाईंनी विचारलं, "ताई, साइट मधूनच इतकी संथ का होते?"

सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कुठे येऊन गेलं त्याच्या नोंदी, उघडले आणि हसावं की रडावं कळेना. हळदीच्या पानावर सहा फिल्टर होते. प्रत्येक लावा किंवा काढा, झाले 64 पत्ते. क्रमवारी चार तऱ्हांची, झाले 256. चौकटीत बघा की यादीत बघा, 512. हे एका पानाचं! अशा पत्त्यांचं नुसतं पेव फुटलं होतं आणि बॉट एकेक उघडून बघत बसले होते. काही हजार पत्त्यांच्या आतल्या साइटने क्रॉलिंगची, म्हणजे बॉटच्या फेऱ्यांची, फार चिंता करू नये असं गूगलच सांगतं, आणि मलाही ते पटतं. पण पानं मूठभर असली तरी पत्ते मूठभर नव्हते, आणि सर्व्हर स्वस्तातला. त्यात 'कार्टमध्ये टाका' हे बटण नसून साधी लिंक होती, तिच्यावरही बॉट टिचकी मारून जात होते.

"गूगल आपली हळद कार्टात टाकतंय?" अण्णांचा राग तिथे उतरला. "मग पैसे कधी देणार म्हणतंय?"

इथे मात्र लपवायचं काही नव्हतं, नुसता फेरा वाचवायचा होता, म्हणून 'डिसअलाऊ' इथेच योग्य. फिल्टर, क्रमवारी आणि कार्टच्या पत्त्यांना मी तो घातला. "यांच्यावर नोइंडेक्सपण टाकू का?" सूनबाईंनी विचारलं आणि माझ्या उत्तराआधीच स्वतः म्हणाल्या, "नको, वाचणारच नाही ना ते." कागदावर त्यांनी दोन रकाने आखले आणि कुठल्या पत्त्याला काय ते लिहून भिंतीला लावलं.

निघताना अण्णांनी मोबाइल पुन्हा पुढे केला. "पलीकडच्या पेढीचीही ती फाइल दिसते का हो? बघा की जरा."

बघितलं. फाइलच नव्हती, 404. म्हणजे बॉटना सगळीकडे मुक्तद्वार.

"सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"सौदे उरकू द्यात," अण्णा म्हणाले.