जॅग्वार एक्सजे६ : गाडी भारी, नशीब बेकार

जॅग्वार म्हटलं की आपल्याकडे आता टाटाच आठवतात, २००८ ला फोर्डकडून घेतली ना त्यांनी, पण मला विचाराल तर खरी जॅग्वार १९६८ ची एक्सजे६.

ही जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांची शेवटची सलून, म्हणजे चार दारांची बंद छताची गाडी. १९२२ ला ब्लॅकपूलमध्ये मोटरसायकलचे साइडकार बनवण्यापासून सुरुवात केलेला माणूस, ड्रॉइंगपेक्षा नजरेवर भरवसा जास्त, कारागिरांकडून पत्र्याचं अख्ख्या साइजचं मॉडेल ठोकून घ्यायचं आणि घरासमोर उभं करून बघत बसायचं. म्हणूनच ती आजही कुठूनही बघा, सुंदरच दिसते. इंजिन मात्र जुनंच, १९४८ पासूनचं सहा सिलिंडरचं एक्सके. त्यातलं ४.२ लिटरचं मस्त, २.८ वाल्याच्या पिस्टनला चक्क भोकं पडायची.

पण खरी कमाल बॉब नाइट नावाच्या इंजिनिअरची, सस्पेन्शन, रबर माउंटिंग, टायर सगळ्यावर त्यानं इतकं डोकं लावलं की गाडी रोल्स रॉइसइतकी शांत चालायची, आणि किंमत रोल्सच्या निम्म्याहूनही कमी! मागे पेट्रोलच्या दोन टाक्या, डावीउजवीकडे एकेक, डॅशबोर्डवरच्या बटणानं टाकी बदलायची, मला तर हे फार आवडतं.

मग १९७२ ला ५.३ लिटरचं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन आलं आणि पुढच्याच वर्षी तेलाचं संकट, टायमिंग बघा. त्यात कंपनी ब्रिटिश लेलँड या बड्या मोटार कंपनीच्या पंखाखाली, म्हणजे संप, खराब रंग, बिघडणारं वायरिंग. तरी १९७९ ला पिनिनफरिना या इटलीच्या डिझाइन कंपनीकडून छत वगैरे नीट करून घेऊन याच गाडीची सीरिज थ्री काढली आणि ती इतकी टिकली की व्ही१२ वाली १९९२ पर्यंत बनत होती.

तिच्या जागी १९८६ ला एक्सजे४० आली, तिचा किस्सा भारीय. लेलँडवाले आपल्या गाडीत त्यांच्याच रोव्हर या दुसऱ्या ब्रँडचं व्ही८ इंजिन कोंबतील या धास्तीनं इंजिनिअर लोकांनी म्हणे बॉनेटखालची जागा मुद्दाम अरुंद ठेवली. व्ही८ काही आलं नाही, पण मग स्वतःचं व्ही१२ पण बसेना, ते बसवायला १९९३ उजाडलं 😄