पान सातवरची ओळ

"नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय कोण होडी काढतं रे?" हर्णैच्या मावशींनी बोटीच्या शिडीवर पाय ठेवायच्या आधी मला विचारलं होतं. जून महिना होता. आपल्याकडे या दिवसांत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. मी हसून म्हणालो, "मावशी, हा अलास्का आहे. इथे याच दिवसांत समुद्र शांत असतो." टूर मॅनेजरने सकाळी सात वाजता जी वाक्यं बोलू नयेत, त्यांतलं हे पहिलं.

गाव होतं स्युअर्ड. अँकरेज शहरापासून रस्त्याने 204 किलोमीटर दक्षिणेला, रेझरेक्शन बे नावाच्या लांबट, खोल उपसागराच्या टोकाशी. लोकसंख्या तीन हजारांच्याही आत. तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे पाणी, आणि डोंगरांच्या मागे हार्डिंग आइसफील्ड. सुमारे 1,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या तिप्पट पसरलेला नुसता बर्फ. त्यातून चाळीसेक हिमनद्या खाली उतरतात आणि त्यांतल्या काही थेट समुद्रात तुटून पडतात. त्या बघायलाच लोक येतात. माझे 24 जण त्यासाठीच आले होते, आणि प्रत्येकाने भरलेल्या रकमेत गावाकडे एक बरी दुचाकी आणि वर म्हैस आली असती.

या 24 मध्ये कोथरूडचे एक काका होते, निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्याजवळ आमच्या कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेची छापील प्रत होती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. रोज रात्री ते त्यावर पेन्सिलने बरोबरच्या खुणा करायचे. मूस नावाचं मोठं हरण दिसलं, खूण. रेल्वे स्टेशन पाहिलं, खूण. अशा माणसांचा मला राग येत नाही, भीती वाटते.

बोट सुटली तेव्हा खरंच पाणी तेलासारखं होतं. कप्तान एक तरुण बाई होती. तिने सुरुवातीलाच सांगितलं, "बाहेर आखातात लाटा आहेत. आयालिकच्या टोकापर्यंत जाऊ, तिथे ठरवू." मी मराठीत सांगताना "तिथे ठरवू" हा भाग जरा हळू म्हटला. मावशी मात्र चमकल्या. "बाई तांडेल आहे?" मग बराच वेळ त्या काचेतून कप्तानाचे हात बघत बसल्या. मावशींच्या घरी नवऱ्याचे दोन ट्रॉलर होते. मुलाने हौसेने टूरचे पैसे भरून त्यांना पाठवलं होतं आणि अख्ख्या ग्रुपमध्ये उलटीची गोळी न घेतलेल्या त्या एकट्याच.

बंदराच्या तोंडाशीच सी ऑटर दिसले. आपल्या पाणमांजराचे हे समुद्रातले थोरले भाऊ. पाठीवर उताणे तरंगत, पोटावर शिंपला ठेवून दगडाने फोडत होते. नाशिकच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "हे तर जेवणाचं ताट छातीवर ठेवून टीव्ही बघणं झालं." देवमाशासारखी चरबी याच्या अंगात नसते, सगळी ऊब केसांची. काही ठिकाणी एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस. याच कातड्यासाठी रशियन व्यापारी इथवर आले आणि दीडशे वर्षांत त्यांनी हा प्राणी जवळजवळ संपवला. 1911 च्या करारानंतर शिकार थांबली म्हणून आज तो आमच्या फोटोत होता. काकांनी फोटो काढला, फोल्डर उघडला, खूण केली.

पुढे खडकावर सी लायन होते, प्रत्येकी छोट्या टेम्पोएवढे. ते दिसायच्या आधी त्यांचा वास आला. सुक्या मासळीच्या बाजारात वीज गेल्यावर तळघरात कसं वाटेल, तसा. मावशी सोडून सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. पफिन पक्षी पाण्यावरून इतक्या कष्टाने उडत होते की कोणीतरी "अरे, पडेल तो!" म्हणून ओरडलं. हवेत ते असेच धडपडतात. पाण्याखाली मात्र पंखांनीच पोहतात, तेव्हा त्यांना कोणी हसत नाही.

आयालिकचं टोक ओलांडलं आणि अलास्काचं आखात सुरू झालं. पहिल्या लाटेने बोट उचलली आणि खाली आपटली. दुसऱ्या लाटेला कॉफीचे कप गेले. तिसऱ्यानंतर मी मोजलं नाही. मी कागदी पिशव्या वाटत होतो. पुरणपोळीच्या पंगतीत वाढपी जसा धावतो तसा, आणि मागणीही तशीच, "इकडे! इकडे एक!" आल्याच्या वड्या काढल्या, त्याही परत आल्या. डॉक्टरीण बाई स्वतः डोळे मिटून बसल्या होत्या. इतकी वर्षं हे काम करूनही माझ्या पोटात तेव्हा काय चाललं होतं, ते इथे लिहीत नाही.

वीसेक मिनिटांनी इंजिनाचा आवाज बदलला. बोट वळली. स्पीकरवर कप्तान शांतपणे म्हणाली की लाटा 10 फुटांच्या वर चालल्यात, आज हिमनदीपर्यंत जाता येणार नाही, माफ करा.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. उपसागराच्या आत, पाणी शांत झाल्याबरोबर, ज्यांना पाच मिनिटांपूर्वी देव आठवत होते त्यांना पैसे आठवले. "आता तर बरं वाटतंय, पुन्हा एकदा ट्राय करायला सांगा." "दुसऱ्या बोटी गेल्या असतील." "लिहून घ्या त्यांच्याकडून." मी तोंड उघडणार इतक्यात मावशी उभ्या राहिल्या.

"तांडेल मागे फिरला की फिरायचं. काय शिव्या घालायच्या त्या घरी जाऊन घाला, दर्यात नाही."

सगळे गप्प. मी त्या बाईंचा जन्मभर ऋणी आहे. पुढे मी संधी साधून सांगून टाकलं की या उपसागराचं नावही असंच पडलं आहे. अलेक्झांडर बारानोव नावाचा रशियन वादळात सापडला होता, इथे आत शिरून त्याने जीव वाचवला, आणि तो दिवस ईस्टरचा होता, येशूच्या पुनरुत्थानाचा. म्हणून रेझरेक्शन. आपण काही पहिले नाही. कोणी हसलं नाही.

त्यातच एक हंपबॅक देवमासा वर आला. आधी वाफेचा फवारा, मग काळी पाठ, मग अख्खी शेपटी हवेत, जणू कोणी दार लावून घेतोय अशी सावकाश आत गेली. बोटीवरचे सगळे रडवेले चेहरे एकदम दहा वर्षांचे झाले. काका त्या वेळी बोटीच्या संडासात होते. आतून त्यांना फक्त टाळ्या ऐकू आल्या.

धक्क्यावर उतरलो तर मासेमारीच्या बोटी परतल्या होत्या. हॅलिबट मासे आकड्यांना टांगून लोक शेजारी उभे राहून फोटो काढत होते, मग टेबलांवर कापणारी मुलं दोन मिनिटांत एकेक मासा सोलून ठेवत होती. मावशी तिथे जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेचनात. "हा तर लेप! एवढा मोठा लेप?" एका बाजूला पांढरा, दुसऱ्या बाजूला मातकट, दोन्ही डोळे एकाच अंगाला. पिलू जन्मतं तेव्हा डोळे दोन बाजूंना असतात, नंतर एक डोळा सरकत पलीकडे येतो, हे मला माहीत होतं. मावशींनाही ते माहीत होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. सुरी चालवणाऱ्या मुलाने त्यांच्याकडे बघून मान डोलावली. त्या दोघांत भाषा एकही सामाईक नव्हती, पण पोटाकडचा तुकडा कसा काढायचा यावर दोघांचं दोन मिनिटं बोलणं झालं.

मी मात्र फोनवर होतो. दुपार रिकामी झाली होती, आणि रिकाम्या दुपारीइतकं धोकादायक माझ्या धंद्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम होता एक्झिट ग्लेशियर. गावापासून 19 किलोमीटर, केनाय फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानातली गाडीरस्त्याने गाठता येणारी एकमेव हिमनदी. बसवाल्याला विनवून मी तो कार्यक्रम आजच घेतला. लोकांना सांगितलं, "आजच्या आज हिमनदी दाखवतो." सकाळचं वाक्य कमी पडलं होतं म्हणून हे दुसरं.

एक्झिट हे नाव 1968 चं. त्या साली हार्डिंग आइसफील्ड पार करणारे गिर्यारोहक या हिमनदीवरून खाली उतरले, बाहेर पडायची वाट म्हणून एक्झिट. हे मी बसमध्ये सांगत होतो तेवढ्यात खिडकीबाहेर आकड्यांच्या पाट्या सुरू झाल्या. साधे आकडे, सालं. त्या त्या साली बर्फ इथपर्यंत होता, एवढंच त्यांचं म्हणणं. 1815 च्या जागेपासून गाडी पुढे जात राहते, जातच राहते, दोन्ही बाजूंना झाडी. मग गाडी थांबते आणि चालत निघायचं. वाटेत 1917. पुढे 1926. पुढे 1951. बसमधला गलका इथे आपोआप उतरतो, दर वेळी. जो तो आपलं साल शोधतो. 1951 पाशी काका थबकले, काही बोलले नाहीत. 2015 साली अध्यक्ष ओबामा याच पाट्यांमधून चालत गेले होते, हे माझं ठरलेलं वाक्य मी त्या दिवशी म्हटलंच नाही, कारण काकांनी फोल्डर उघडला होता.

2010 ची पाटी आली. तिच्यापुढे उघडा खडक, घासून गुळगुळीत झालेला, मग दरी, आणि दरीच्या वर, दूर, निळसर बर्फाची जीभ. सुंदर होती. पण दूर होती.

"अहो, जरा इकडे या," काका म्हणाले. आवाज बँकेतला. त्यांनी पान सात माझ्यापुढे धरलं. मला वाचायची गरज नव्हती. 'एक्झिट ग्लेशियर: हिमनदीला प्रत्यक्ष हात लावण्याचा अविस्मरणीय अनुभव!' शेजारी फोटो. फोटोत एक हात बर्फाच्या भिंतीवर टेकलेला.

"हात कुठे लावायचा?"

त्यांच्या प्रश्नात चेष्टा नव्हती. मी काहीतरी बोललो, हिमनदी मागे सरकते, निसर्ग आहे वगैरे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ते दिसतंय. मी विचारतोय की हे तुम्ही छापलं कसं?"

खरं उत्तर असं होतं की ती ओळ माझी होती. 2009 साली मी पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा कंपनीत नवीन होतो. गोट्यांच्या पात्रातून चालत बर्फाच्या पायथ्याशी गेलो, सूचनेच्या पाटीपलीकडे चार पावलं टाकली आणि हात लावला. बर्फ कोरडा नव्हता, घामेजलेला होता, आतून पाणी वाहल्याचा आवाज येत होता. फोटोतला हातही माझाच. परत आल्यावर ऑफिसात बसून ते वाक्य लिहिलं आणि साहेबांनी पाठ थोपटली. मग दर वर्षी पत्रिका नव्याने छापली गेली. विमानांच्या वेळा बदलल्या, हॉटेलं बदलली, किंमत तर बदललीच. पान सात कोणी उघडलं नाही. मी 2023 पर्यंत सहा वेळा येऊन गेलो, दर खेपेला बर्फ आणखी वर चढलेला बघितला, आणि दर खेपेला ग्रुपमधल्या कोणीतरी विचारलं तर हसून वेळ मारून नेली.

हे सगळं मी काकांना सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. पोट रिकामं होतं म्हणून असेल.

त्यांनी फोटो नीट पाहिला, मग माझा हात पाहिला. मग 2010 च्या पाटीच्या खांबाला स्वतःचा तळहात टेकवून म्हणाले, "काढा फोटो." मी काढला. फोल्डरमधून पेन्सिल निघाली, पण खूण त्यांनी केली नाही. ओळीखाली फक्त रेघ मारली.

संध्याकाळी जेवणानंतर मी मावशींबरोबर पाण्याच्या कडेने चाललो. संध्याकाळ म्हणायची ती रीत म्हणून, ऊन होतं. काठाने लोकांच्या राहायच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, घर एकही नाही. मावशींनी लगेच हेरलं, "दर्याच्या तोंडावर वस्ती नाही, काय झालंय इथे?" 27 मार्च 1964, गुड फ्रायडे, संध्याकाळचे 5 वाजून 36 मिनिटं. 9.2 तीव्रतेचा भूकंप. इथला किनाराच, धक्के, रेल्वेच्या रुळांसकट, घसरून उपसागरात गेला. तेलाच्या टाक्या पेटल्या आणि मागून आलेल्या लाटा जळतं तेल घेऊन गावात शिरल्या. सकाळी आम्ही जिथून बोट पकडली ते बंदर नंतर वेगळ्या जागी बांधलेलं आहे. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यांनी ती जागा तशीच सोडली." आणि थोड्या वेळाने, "बरं केलं."

खोलीवर आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, बाहेर अजून उजेड. दादरच्या ऑफिसात दुसऱ्या दिवसाचे दुपारचे साडेबारा. मी साहेबांना मेल लिहिली. पान सात, दिवस सहावा, फोटो आणि ओळ दोन्ही काढून टाका. आता तिथून हिमनदी लांबून दिसते, तसं लिहा. हवा तर वाटेवरच्या पाट्यांचा फोटो देतो, आजच काढलाय.

जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं.

"ओळ राहू दे, बुकिंग तिच्यावर होतं. पुढे कंसात 'हवामानानुसार' टाकतो."