आमची वाटचाल: डायरीपासून वेबसाइटवरच्या कॅलेंडरपर्यंत

आमचा स्टुडिओ तसा छोटाच, फोटो-व्हिडिओ शूटिंगची कामं घेतो आणि आमचं शूट नसेल तेव्हा जागा लाइट्ससकट भाड्याने देतो. सुरुवातीला सगळी बुकिंगं काउंटरवरच्या डायरीत. दोघंच होतो तोवर ठीक होतं, पण टीम वाढली, कोणी बाहेर शूटला, कोणी घरून एडिटिंग करतंय, डायरी मात्र एकाच जागी, मग प्रत्येक फोनला "थांबा, बघून कळवतो" आणि कळवेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं.

वेबसाइट केली तेव्हाच ठरवलं की फोटो नंतर टाकू, आधी तारखा दिसल्या पाहिजेत. कारण लोक पहिलं तेच विचारतात, अमुक दिवशी रिकामं आहे का?

मग फुकट कॅलेंडर शोधायला लागलो. बुकिंगची तयार सॉफ्टवेअरं भरपूर आहेत, पण बऱ्याच ठिकाणी फुकट म्हणजे एका माणसापुरतं, दुसरा माणूस जोडला की पैसे. एक सेवा आवडली, वापरायला लागलो, तर त्यांनी फुकट प्लॅनच बंद केला. डेटा वाचला कारण तिथून आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरमधल्या सगळ्या नोंदींची एक फाइल, काढता येत होती. या फाइलचा आयकॅलेंडर फॉरमॅट 1998 पासूनचा आहे आणि गूगल, ॲपल, आउटलुक सगळ्यांना वाचता येतो, त्यामुळे आता कुठलंही टूल बघताना मी आधी एक्सपोर्ट शोधतो, दिसणं-बिसणं नंतर. नेक्स्टक्लाउडही बघितलं, ते आपल्याच सर्व्हरवर चालवायचं असतं, चांगलं आहे, ओपन सोर्स आहे, पण सर्व्हर सांभाळणारं माणूस हवं, ते आमच्याकडे नाही. टीमअप नावाचं ऑनलाइन कॅलेंडर मला मनापासून आवडलं, अकाउंट नसलेल्या माणसाला नुसती लिंक देता येते, एकाला फक्त बघायची आणि दुसऱ्याला लिहायची. शेवटी गूगल कॅलेंडर घेतलं कारण सगळ्यांच्या फोनवर ते आधीच होतं, नवीन काही शिकवावं लागलं नाही.

खरा विचार करावा लागला तो कोणाला काय दिसावं याचा. कॅलेंडर पब्लिक करून सगळे डिटेल्स उघडे ठेवले तर गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर सगळं जगाला दिसतं, अगदी सर्चमध्येही येऊ शकतं, आणि लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती अशी बाहेर जाणं मला अजिबात चालणार नाही. म्हणून दोन कॅलेंडरं केली. "कच्चं" फक्त टीमपुरतं, चौकशा आणि बोलणी त्यात. ॲडव्हान्स आला की ती एंट्री उघडून कॅलेंडर बदलून "पक्कं" करायची, झालं. पक्कं तेवढं पब्लिक, तेही फक्त फ्री-बिझी, म्हणजे बाहेरच्याला वेळ भरलेली दिसते, कोणाची ते नाही. लिहायचा हक्क टीममधल्या सगळ्यांना, शेअरिंग बदलायचा फक्त मला.

वेबसाइटवर लावणं सोपं आहे, सेटिंग्जमधून एम्बेड कोड कॉपी करून पानात टाकायचा, तो आयफ्रेम असतो, म्हणजे आपल्या पानात कॅलेंडर दाखवणारी चौकट. पण मोबाइलवर महिन्याचा व्ह्यू इतका आवळला जातो की काही वाचता येत नाही. अनेक जण म्हणतात मोबाइलला अजेंडा व्ह्यू लावा. आमच्या कामाला तो निरुपयोगी, कारण त्यात भरलेल्या वेळांची यादी येते आणि गिऱ्हाइकाला तर रिकामी वेळ हवी असते. म्हणून मोठ्या स्क्रीनला महिना आणि मोबाइलला आठवडा असे दोन आयफ्रेम टाकले, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे एकच दिसतो. कोडमध्ये सीटीझेड म्हणून टाइमझोनचा भाग असतो तोही तपासून घ्या, बघणारा कुठूनही बघू दे, वेळ स्टुडिओचीच दिसली पाहिजे.

आणि हो, टीममधल्या लोकांना आयसीएस लिंकवरून सबस्क्राइब करायला सांगू नका, कॅलेंडर थेट शेअर करा. लिंकवरून घेतलेलं कॅलेंडर अपडेट व्हायला काही तासही लागू शकतात आणि तेवढ्या वेळात एकच स्लॉट दोघांना दिला जाऊ शकतो.

आता फोन येतात ते "शनिवारी दुपारचं रिकामं दिसतंय, आम्हाला धरा" असेच. कॅमेरे आणि लेन्स भाड्याने द्यायचं काम सुरू करतोय, त्यासाठी तिसरं कॅलेंडर बनवलंय, पण ते पब्लिक करायच्या आधी टीमला थोडे दिवस आतल्या आत वापरू देणार आहे.