हाईट परमिट मिळेल, शिडीची टेप मिळणार नाही! (नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला माझा अनुभव)

अंबडच्या एका मोठ्या कंपनीत सीसीटीव्हीचं काम मिळालं होतं. शेडच्या आत बारा-चौदा फुटांवर कॅमेरे लावायचे आणि केबल ओढायची, बस. पहिल्यांदाच अशा कंपनीत शिडी घेऊन जाणाऱ्या छोट्या कॉन्ट्रॅक्टर लोकांसाठी लिहितोय, आणि खरं सांगायचं तर माझं डोकं अजून गरम आहे म्हणूनही लिहितोय.

गेटपास, पीएफ-ईएसआयसीचे कागद, इंडक्शन (आत जाण्याआधीची सेफ्टीची माहिती) सगळं नीट झालं. मेडिकलला बीपी बघतात, फिट येतात का, उंचावर चक्कर येते का विचारतात, ते पोरांना घरूनच विचारून न्या.

अडलो शिडीपाशी.

अ‍ॅल्युमिनियमची शिडी विजेजवळ चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून रविवार कारंजाहून नवी कोरी फायबरची घोडा शिडी (दोन बाजूंना पाय उघडून आपली आपण उभी राहणारी) आणली, बरीच महाग पडली पण आणली. छोटा हत्तीत टाकून गेटवर. सेफ्टीवाले साहेब आले आणि माणसाने खरंच मन लावून बघितली. पायाचे रबरी बूट, पायऱ्यांचे रिव्हेट, मधली लॉकपट्टी पूर्ण उघडते का, उभ्या दांड्यांना कुठे तडा आहे का, सगळं. खूश झाले. तपासल्याची खूण म्हणून हिरवी टेप गुंडाळली, नंबरचा स्टिकर लावला. हाईट परमिटवर, म्हणजे उंचीवर काम करायच्या परवानगीवर, सही करणारे सुपरवायझर निघून गेले होते, म्हणाले उद्या या. तो जूनचा शेवटचा दिवस होता, आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी परमिटच्या टेबलावर, "ही टेप चालणार नाही, हिरवी मागच्या तिमाहीची, आता निळी लागते."

म्हटलं साहेब कालच लावलीय.

"काल जून होता."

बरं मग निळी लावा. तर निळी स्टोअरला आलेलीच नाही! इंडेंट (मागणीचा कागद) टाकलाय म्हणे. स्टोअरवाला म्हणतो परचेसला विचारा, परचेसच्या मॅडम म्हणतात व्हेंडरने पाठवलीय, सेफ्टीवाले म्हणतात आम्ही फक्त तपासतो, टेप स्टोअरची. मी म्हटलं मी आणतो विकत, एका टेपचे असे किती पैसे लागतात, तर बाहेरची टेप चालत नाही! कंपनीची शिडी द्या म्हटलं, तर ती कॉन्ट्रॅक्टरला द्यायची नाही असा नियम. बाहेर पाऊस, टेम्पोवाला वेटिंग लावतोय, पोरांची हजेरी चालू आणि आम्ही गेटसमोरच्या टपरीवर चहावर चहा. रोज सकाळी यायचं, रोज "आज येईल टेप".

या सगळ्यात एकदा कँटीनकडे गेलो तर कंपनीचाच माणूस उपड्या ड्रमवर उभा राहून ट्यूबलाईट बदलत होता. ड्रमला टेप लागत नाही ना!

रंगाच्या टेपबद्दल माझी तक्रार नाही हे लक्षात घ्या. दर तीन महिन्यांनी शिडी तपासायची आणि रंग बदलायचा, म्हणजे लांबूनच कळतं की ही शिडी या तिमाहीत कोणी बघितलीय की नाही. चांगली पद्धत आहे. पण जुलै दरवर्षी एक तारखेलाच लागतो की हो, तो काय अचानक येतो का?

शेवटी ज्यांनी आम्हाला ऑर्डर दिली होती त्या प्रोजेक्टच्या साहेबांनी वर फोन केला. मग तेच सेफ्टीवाले आले, परत शिडी तपासली, स्टिकरवर पेनाने नवी तारीख टाकून सही केली. दोन मिनिटं. हेच पहिल्या सकाळी करायचं होतं की.

आता आठवेल तसं सांगतो. शिडी माणसांच्या आधी न्या, पास होऊ द्या, मग पोरांची हजेरी सुरू करा. लाकडी शिडी रंगवलेली असेल तर नेऊच नका, रंगाखाली तडा दिसत नाही म्हणून परत पाठवतात. घोडा शिडी मिटवून भिंतीला टेकवून वापरायची नाही, पूर्ण उघडून लॉक करायची, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, म्हणजे उंचीचा हिशोब करूनच शिडी घ्या. सरळ शिडी टेकवायची असेल तर चारास एक, वर बारा फुटांवर टेकली तर खाली पाया भिंतीपासून तीन फूट लांब. छतावर किंवा माळ्यावर उतरायचं असेल तर शिडी तिथून वर तीन फूट निघालेली हवी आणि वरून बांधलेली हवी. आमच्या पोरांना सवय असते एका बाजूला वाकून ड्रिल मारायची, ते बंद. बेल्टचं बक्कल शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे, हात पुरत नसेल तर उतरा आणि शिडी सरकवा, कंटाळा करू नका. सेफ्टी बेल्टचा हुक शिडीलाच अडकवतात बरेच जण, त्याचा काय उपयोग, शिडी पडली की माणूस सोबतच, हुक वेगळ्या पक्क्या ठिकाणी. चढताना हातात काही नको, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय कायम शिडीवर, ड्रिल नंतर दोरीने वर घ्यायचं. पावसात बूट पुसून चढा, चिखलाने पायरी साबणासारखी होते.

फोर्कलिफ्टच्या रस्त्यात काम असेल तर बॅरिकेड आणि खाली एक माणूस, मागे दार असेल तर ते बंद करून घ्या. कारखाना कायदा 1948 च्या कलम 32 मध्ये उंचीवरच्या कामाचं होतं (2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय) आणि शिडीसाठी आयएस 3696 या भारतीय मानकाचा भाग 2 आहे, सेफ्टीवाल्यांशी बोलताना हे दोन माहीत असले की ते जरा वेगळ्या सुरात बोलतात, माझा अनुभव.

परमिट आमच्याकडे एका शिफ्टचंच होतं, रोज नवीन, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन रांगेत पुढे लागा. आणि काम मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या शेवटी सुरू होत असेल तर आधी थेट स्टोअरला फोन करून विचारा, पुढच्या रंगाची टेप आलीय का. वेटिंगचे पैसे मागितलेत, परचेसच्या मॅडम म्हणतात पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) नाही.