दीड तासाचं गौडबंगाल

"सर, लॅपटॉप परत दीड तास मागं गेलाय."

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका गोडाउनमधून, हिशेब बघणाऱ्या मॅडमचा आठवड्यातला हा तिसरा फोन. त्यांनी ३ वाजताची ठेवलेली मीटिंग गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरवर ४:३०ला पडली होती आणि बोलणी खाल्ली मॅडमनी. शेवटी गाडी काढली.

मला शंका मदरबोर्डवरच्या सेलची. पण सेल गेला की घड्याळ भरकटतं. बरोब्बर दीड तासावर कशाला थांबेल? सेकंद तर माझ्या मोबाइलशी जुळत होते. इंटरनेटवरून वेळ सिंक केली, ढिम्म फरक नाही. पडणार कसा? तिथून येते ती यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, आणि ती ठीकच होती. टाइम झोन बघितला: 'यूटीसी +०४:००, अबू धाबी, मस्कत'. आपला तर +०५:३०! नकाशा उघडला, तर निळा ठिपका दुबईत, देऱ्यातल्या एका गल्लीत!

"मॅडम, हा राउटर कुठनं आणला?"

"साहेबांच्या मेव्हण्यांनी दिला. तिकडचं दुकान बंद केलं ना त्यांनी."

टाइम झोन आपोआप ठरतो तो जागेवरून, पण बहुतेक लॅपटॉपांत जीपीएस नसतंच. आसपास कुठले राउटर दिसतात, त्यांचे ठरलेले क्रमांक (बीएसएसआयडी) आणि सिग्नलचा जोर एवढं तो लोकेशन सेवेला कळवतो. कुठला क्रमांक कुठं असतो याची भलीमोठी यादी तिच्याकडे असते, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनांनी जीपीएससकट भरलेली. पुण्यात शेजारच्या दहा राउटरांनी या पाहुण्याला खोटं पाडलं असतं. इथं पत्र्याच्या शेडमध्ये दुसरं वायफाय पोचतच नव्हतं. साक्षीदार एकच, आणि तो दुबईचा! आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, भारत कळत होता, पण वायफायपुढं त्याचं कोण ऐकतो? मोबाइल वेळ टॉवरकडून घेतात, म्हणून ते शाबूत.

खात्री करायला राउटर बंद केला, माझा हॉटस्पॉट दिला. चहा येईस्तोवर झोन +०५:३०वर आला होता. राउटर चालू केला, थोड्या वेळानं लॅपटॉप पुन्हा दुबईला.

मग 'टाइम झोन आपोआप' बंद करून हातानंच मुंबईचा लावला. राउटर बदला म्हटलं, तर साहेब म्हणाले, "अहो, रेंज बघा ना त्याची!" ट्रकवाल्यांचे फोन कधीतरी ती यादी दुरुस्त करतील, तोवर राहू दे.

परवा तिथं नवा लॅपटॉप जोडायला गेलो. मॅडमनी राउटरवरच चिठ्ठी चिकटवलीय: 'आधी आपोआप वेळ बंद करणे.'