जिम लावण्याआधीची टीएमटी : माझा अनुभव

जिमच्या फॉर्मवर 'मी तंदुरुस्त आहे' या ओळीपुढे बरोबरची खूण करायची होती. त्या खुणेने जिमवाले सुटतात, आपण नाही. म्हणून पार-क्यू प्लस या व्यायामाआधीच्या आरोग्य-प्रश्नावलीचे 7 प्रश्न आधी खरेपणाने सोडवले: रक्तदाब, छातीत दुखणं, वर्षभरात भोवळ, चालू औषधं वगैरे. वय 47, बैठं काम, रक्तदाबाची गोळी. तेव्हा आधी डॉक्टर.

डॉक्टरांनी साधा ईसीजी, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायची चाचणी, लिहून दिली. ती सरसकट सगळ्यांनी करायची नसते. ज्याला त्रासही नाही आणि धोकाही कमी, त्याच्यात ती आजार नसतानाही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग प्रकरण उगाच अँजिओग्राफीपर्यंत जातं.

तयारीत खरी गोम गोळीची. मेटोप्रोलॉलसारखं रक्तदाबाचं औषध हृदयाचे ठोके वाढूच देत नाही, मग चाचणी अर्धवट राहते. पण ते मनाने बंद करायचं नाही, एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो. सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारलं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, खाणं 3 तास आधी आणि हलकं, पायात बूट. छातीला तेल किंवा क्रीम नको. ईसीजीसाठी चिकटवलेले इलेक्ट्रोड सुटतात आणि आलेख थरथरतो. केस असतील तर तेवढी जागा भादरतात.

10 इलेक्ट्रोड, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. ब्रूस नावाच्या ठरलेल्या पद्धतीत दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: ताशी 2.7 किमी आणि 10 टक्के चढ, मग 4 आणि 12, मग 5.5 आणि 14. वेगापेक्षा चढच दमवतो. माझे कमाल ठोके 220 वजा वय 47, म्हणजे 173. लक्ष्य त्याचे 85 टक्के, 147 ठोके. दांडीवर भार टाकला की श्रम कमी होतात आणि क्षमता खोटी जास्त दिसते, म्हणून बोटं नुसती टेकवायची. छाती आवळली, जबडा किंवा हात दुखला, गरगरलं तर लगेच सांगायचं. सहन करत राहायचं नाही. ट्रेडमिल थांबल्यावरही काही मिनिटं आलेख घेतात. काहींचे बदल तेव्हाच दिसतात, त्यामुळे तारा काढायची घाई नको.

रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला. याचा अर्थ तेवढ्या श्रमाला हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसली नाही, एवढाच. रक्तवाहिनीतला चरबीचा लहान थर या चाचणीत सुटू शकतो. डॉक्टरांनी पहिले काही आठवडे नुसतं भरभर चालायला सांगितलंय, बोलता येईल इतपत. वजनं नंतर, आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही.