आमची वाटचाल : पाईपवर पाईप बसेपर्यंत

भोसरीच्या गाळ्यात शटर उघडलं तेव्हा आमची कामं ठरलेली होती. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. चौकोनी पाईपचं सोपं असतं, गुण्या लावा, कापा, वेल्डिंग मारा. पंचाईत गोल पाईपची. सरळ कापलेलं तोंड दुसऱ्या गोल पाईपवर धरलं की ते मध्ये टेकतं आणि दोन्ही अंगांना फट राहते. ती आम्ही रॉड जाळून बुजवायचो. वरून लांबी म्हणजे पुट्टी, त्यावर रंग. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

हे चाळे बंद पाडले इंजिनिअरिंगच्या पोरांनी. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ साली बाहा एसएई इंडियाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी पुण्यातली बरीच कॉलेजं एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर पळणारी गाडी बांधतात. तिचा सांगाडा म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा. मुख्य नळी साधारणपणे बाहेरून २५.४ मिमी, भिंत ३ मिमी, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. पोरगं म्हणालं, "काका, टिग वेल्डिंग मारायचंय, फट चालणार नाही." मी ग्राइंडरने तोंड कोरून दिलं, मग अर्धगोल कानस. एका सांध्यातच चहाची वेळ झाली, आणि पिंजऱ्यात असे कितीतरी सांधे.

म्हणून होल सॉ, म्हणजे कपाच्या आकाराची, काठाला दात असलेली गोल करवत. तत्त्व साधं आहे : ज्या नळीवर बसवायचं तिचा बाहेरचा व्यास, तेवढाच कप. पण इथेही आम्ही आपटलो. कठड्याच्या कामाला 'एक इंची' पाईप म्हणून एक इंची कप आणला. प्लंबरचा एक इंची पाईप बाहेरून ३३.७ मिमीच्या आसपास भरतो, हे तोंड बसेना तेव्हा लक्षात आलं! तेव्हापासून बोलण्यातल्या इंचावर विश्वास नाही, आधी व्हर्नियर.

पहिला कप तर दुसऱ्याच नळीवर निळा पडून बोथट झाला. हातातल्या ड्रिलचा वेग उतरतच नव्हता. बायमेटलचा (दोन धातू जोडून केलेला) एक इंची कप मऊ पोलादात मिनिटाला ३५० फेऱ्यांच्या आसपास फिरवायचा, स्टेनलेसमध्ये त्याच्या निम्म्याने, आणि वर तेलाची धार. जुनं पिलर ड्रिल घेतलं, बेल्ट सगळ्यात खालच्या पुलीवर टाकला, आणि कप टिकू लागले.

खरी मेख मात्र धरण्यात. कपाच्या मधलं ड्रिल बिट तिरक्या नळीवरून घसरतं, आणि नळीच्या टोकाशी त्याला धरायला लोखंडच नसतं. आमच्या लेथवरच्या मामांनी ते बिट काढूनच टाकलं. जाड शाफ्ट दोन बुशांमधून, म्हणजे त्याला नेमक्या बसणाऱ्या धातूच्या कड्यांमधून, फिरवला, टोकाला कप लावला आणि खाली अंशांच्या खुणा असलेली फिरती पकड बसवली. हे झालं आमचं जिग. आता ड्रिल मशीनने फक्त फिरवायचं, रेषा बुश सांभाळतो. शाफ्टचं सेंटर नळीच्या सेंटरपासून अर्धा मिमी सरकलं तरी कापलेल्या तोंडाचा एक कान मोठा आणि एक छोटा होतो. मामा प्रत्येक तोंड रद्दी नळीवर बसवून ट्यूबलाइटसमोर धरतात. उजेड दिसला की नापास.

एक दुपार मी स्वतः वाया घालवली. ड्रॉइंगवर दोन नळ्यांमधला कोन ५५ अंश, मी जिगवर ५५ लावला. जिगचा शून्य म्हणजे काटकोनी सांधा, लावायला हवे होते ३५. आठ नळ्या भंगारात गेल्या. मामा काही बोलले नाहीत, फक्त पकडीवर पांढऱ्या रंगाने '० = काटकोन' लिहून ठेवलं.

दुय्यम नळ्यांची भिंत काही वेळा जेमतेम ०.८९ मिमी. तीत कपाचे जाड दात अडकतात आणि नळी फाटते, पकडीत चेपते ती वेगळीच. बारीक दातांचा कप लावायचा आणि आत घट्ट लाकडी खुंटी ठोकायची. फार तिरके सांधे मात्र कपाच्या आवाक्याबाहेरचे. दोन नळ्यांमधला कोन ३० अंश असेल तर कपाला ५० मिमीच्या वर आत जावं लागतं, आमच्या कपांची खोली ३८. तिथे कागदी साचा गुंडाळून पुन्हा आपलं ग्राइंडरच.

आता लेझरने नळ्या कापून देणारे आहेत. एकसारखे शंभर नग असले तर आम्हीच तिकडे पाठवतो. पण स्पर्धा जवळ आली की रात्री आठला, शटर अर्धं खाली असताना, कुणीतरी एकच नळी घेऊन येतं. मामा चष्मा परत चढवतात, खुंटी शोधतात. दहा मिनिटांचं काम, पण त्याचा दर मला अजून ठरवता आलेला नाही. पोरं वडापाव आणतात.